बाबा, फिरायला जायचं ते उजाडल्यावर

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

इथे कॅलिफोर्नियात आमच्या गल्लीत माउंटन लायन दिसला, त्याचा व्हिडिओ दादाने तुम्हाला दाखवला, तेव्हापासून आई ‘आम्ही नाही येत’ एवढंच म्हणते आहे. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून कळवते. डोंगराजवळचं घर घेतलं आहे आणि आम्ही तिथेच राहणार आहोत. पण ते तुमचा विचार करूनच घेतलंय गं आई. खालच्या मजल्यावर तुमची खोली, लागून बाथरूम, धरायला दांडा बसवून घेतला. तुझ्या गुडघ्यांना जिना नाही. देवघर पूर्वेला. बाबांची खुर्ची खिडकीशी, कोवळं ऊन येतं तिथे. शाळाही पायी जाण्यासारखी आहे. जुन्या घरात यातलं काहीच जमलं नसतं.

हा माउंटन लायन कसा असतो, ते सांगते. आपल्या बिबट्यासारखाच एकटा, अंधाराचा, माणसाला टाळणारा. ठिपके नाहीत, आयाळ नाही, मातकट रंग. मोठा नर साठ-सत्तर किलोचा. हरणांच्या मागे तो खाली उतरतो. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोकांनी मतदान करून त्याची शिकार कायमची बंद केली, आणि मला ते योग्यच वाटतं. डोंगर आधी त्याचा होता. हल्ले फार क्वचित होतात. २०२४ मध्ये एल डोराडो काउंटीत एक तरुण गेला, तो राज्यातला वीस वर्षांतला पहिला मृत्यू. पण तुमच्यापासून लपवत नाही: २०२० मध्ये इथल्याच रँचो सान अँटोनियो या फिरायच्या राखीव डोंगराळ जागेत, मोठी माणसं बरोबर असताना, त्याने सहा वर्षांच्या मुलीला धरलं. एकाने त्याला जोरात ढकललं, तो पळाला, मुलगी वाचली. तुमची नात आता तेवढीच आहे. म्हणून हरणं खातात ती झुडपं आम्ही काढली, कुंपणाची झाडी छाटली, कोणी हललं की लागणारा दिवा बसवला.

बाबा, पहाटे साडेचारचं फिरणं इथे नाही. चांगलं उजाडल्यावर जायचं, एकट्याने नाही, आणि तिन्हीसांजेच्या आत घरात. रागावू नका. ओतूरला उसाच्या कडेने मला एसटीला सोडताना तुम्ही काठी आपटत मोठ्याने पाढे म्हणायला लावायचात. मला वाटायचं, परीक्षेसाठी. तुमचं बोट धरलं की मला अंधाराचं काही वाटायचं नाही, अजूनही ते बोट हवंसं वाटतं. उसातल्या वाघाचं, म्हणजे बिबट्याचं, मी तुम्हाला काय शिकवणार? पण तेव्हा तुम्हाला पाचटाची सळसळ ऐकू यायची. आता कानाचं मशीन खिशात असतं. ते लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

दिसलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, पाठ फिरवायची नाही. नजर त्याच्यावर ठेवून हात वर करायचे, जॅकेट पसरायचं, ओरडायचं, सावकाश मागे सरायचं. अंगावर आलाच तर काठी, दगड, मिळेल त्याने मारायचं. मग ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन. नातीला उचलून घ्यायला हवं, पण तुमच्या कमरेला ते झेपणार नाही, म्हणून बाहेर तिचा हात सोडायचा नाही. ती पुढे पळते, ओरडलात तरी चालेल.

आई, तुळस मागच्या अंगणात ठेवली आहे. पहाटे वाकून फुलं वेचायची नाहीत, मी दिवसा तोडून ठेवीन. तुळशीपाशी दिवा उजेड असतानाच लाव, देव समजून घेईल. उरलेली पोळी बाहेर ठेवायची नाही. तुझा जीव तुटेल, माहीत आहे. पण त्या वासावर रॅकून नावाचे छोटे प्राणी येतात आणि त्यांच्या मागावर तो.

तिकिटं एप्रिलची काढली आहेत, रद्द होणार नाहीत. बीपीच्या गोळ्या सहा महिन्यांच्या घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. बाबांची काठी आणा. आणि दादाला सांगा, मशीनचे सेल जास्तीचे आणून ठेव, इथे येईपर्यंत संपायला नकोत.

तुमची,
ताई