फुगवलेल्या बोटीत पेटते फ्लेअर नकोत

मा. संपादक,

स.न.वि.वि.

कृष्णेच्या पुराचा हंगाम जवळ आला की चिकोडी, अथणी, रायबागकडची मंडळे बचावाचे सामान जमवू लागतात. समुद्रावर वापरतात ते लाल फ्लेअर (मदतीची खूण म्हणून पेटवायची नळकांडी) घ्यावेत का, असा प्रश्न तेव्हा हमखास निघतो. आमचे मत : रबरी बोटीसाठी घेऊ नयेत.

जहाजावरचा हँड फ्लेअर, म्हणजे हातात धरायचा, आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे किमान १ मिनिट, १५,००० कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) तेजाने जळतो. पॅराशूट रॉकेट ३०० मीटर उंच जाऊन ३०,००० कँडेलाने किमान ४० सेकंद जळते. भर समुद्रात, पाहणारा मैलोगणती दूर असताना, याला तोड नाही. मात्र हँड फ्लेअर वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला, हात लांब करून, बोटीबाहेर तिरका धरावा लागतो. तसा धरला तर धोका नाही. पण ओढीत गिरक्या घेणाऱ्या बोटीत, मध्ये म्हातारी माणसे आणि पायाशी बांधलेली शेळी असताना, हात फिरला की जळता मळ थेट बोटीच्या हवा भरलेल्या नळीवर. शिवाय ज्योतीकडे पाहिले की बराच वेळ अंधारातले काही दिसत नाही. रॉकेट तर विजेच्या तारा आणि गवताच्या गंजी असलेल्या गावठाणात नकोच.

त्याऐवजी चहूबाजूंनी दिसणारा, लुकलुकणारा एलईडी दिवा घ्या. दुकानदार लुमेनचा, म्हणजे सगळ्या दिशांना मिळून एकूण प्रकाशाचा, आकडा सांगतो; प्रकाश किती दुरून दिसेल हे कँडेलावर ठरते, तेव्हा तोच विचारा. दिव्यावर आयपी६७ असा पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असेल, तर तो म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे, त्याहून जास्त नाही.

लाइफ जॅकेटवरचा दिवा जहाजांच्या नियमाप्रमाणे किमान ०.७५ कँडेलाचा आणि ८ तास चालणारा हवा. लुकलुकणारा असेल तर मिनिटाला ५० ते ७० वेळा. पाणी लागताच पेटणारा दिवा गोड्या पाण्यात चालतो का, हे वेष्टनावर वाचा, कारण काहींची बॅटरी खाऱ्या पाण्यावरच नीट चालते. असे दिवे ओलसर खोलीत टांगले तर गरजेआधीच संपतात.

हिरवा लेसर कुणी स्वस्तात देत असेल तरी नको. हेलिकॉप्टर आले तर पायलटचे डोळे दिपतात.

मालवण-कारवारला टणक बोटीने समुद्रात जाणाऱ्यांनी मात्र फ्लेअर आणि एलईडी दोन्ही ठेवावेत. फ्लेअरवरची मुदत, बहुधा ३ वर्षांची, आधी पाहावी. मुदत संपलेले फ्लेअर गणपतीच्या मिरवणुकीत उडवू नयेत (मोह होतो, ठाऊक आहे), आणि नवे आणताना रेल्वेने आणू नयेत. स्फोटक पदार्थांना तिथे बंदी आहे.

आपले,
पूरबचावातील काही स्वयंसेवक, चिकोडी