मनू, दोरी कोण तपासतं?

मनू,

काल व्हिडिओ कॉलवर तू कॅमेरा सारखा वर वर धरत होतीस तेव्हाच मला शंका आली. आई म्हणाली अहो नेटवर्क जातंय तिचं, पण मला मागे बादली दिसली आणि बादलीत बर्फ दिसला. रात्री साडेदहाला खोलीत कोण बर्फाची बादली घेऊन बसतं? मग आईनेच सरळ विचारलं आणि तू म्हणालीस काही नाही गं, स्टंटच्या रिहर्सलला घोटा मुरगळला, दोन दिवसांत सूज उतरेल. फोन ठेवल्यावर आई देवापाशी जाऊन बसली, मी गॅलरीत. एक वाजेपर्यंत झोप नाही. म्हणून हे लिहितोय, फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो आणि बोलायचं ते राहूनच जातं.

मला एवढंच विचारायचंय की तुमच्या तिथे दोरी कोण तपासतं. म्हणजे वायर, अंगाला बांधायचा हार्नेस, वरची कडी, सगळंच. नाव सांग त्या माणसाचं, मला बाकी काही नको.

ओरडायचं नाही असं ठरवून बसलोय. हे खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलं हे मला पक्कं माहितीये आणि आई तर रोज एकदा बोलून दाखवतेच. पाच वर्षांच्या पोरीला मांडीवर बसवून जॅकी चॅनच्या व्हीसीडी कोणी दाखवल्या? पिक्चर संपल्यावर शेवटी ते चुकलेले शॉट लागायचे, पडलेला, रक्ताळलेला, स्ट्रेचरवरचा, ते तू मला परत परत लावायला लावायचीस. बाकीची पोरं कार्टून बघायची. आणि मग सज्जावरून गादीवर उडी मारलीस आणि गादीच्या बाहेर पडलीस, हनुवटीला तीन टाके. ती खूण अजून आहे, तू हसलीस की दिसते. डॉक्टरांकडे नेताना रिक्षात तू रडत नव्हतीस, मला विचारत होतीस बाबा शॉट ओके होता का. मी हो म्हणालो. तेव्हा नाही म्हणायला हवं होतं असं आता रात्री वाटतं, सकाळी वाटत नाही.

मला मार खाणारा हिरो आवडतो हे तुला माहितीये. शंभर जणांना लोळवून केसही न विस्कटणारा मला कधीच पटला नाही. 'डाय हार्ड' आला 1988 साली, मी वीस वर्षांचा, आम्ही तिघं मित्र एका स्कूटरवरून गेलेलो, आणि पहिल्यांदाच असा हिरो बघितला जो बूट काढून बसलेला असताना सगळी भानगड सुरू होते आणि मग बिचारा अनवाणी काचांवरून पळतो आणि नंतर बाथरूममध्ये बसून पायातल्या काचा काढतो. तो घाबरलेला असतो. म्हणून तो मला खरा वाटला, आजही वाटतो, हल्लीच्या पिक्चरमध्ये एका ठोशाचे सहा तुकडे करून दाखवतात, कोणी मारलं कोणाला लागलं काही कळत नाही, त्याला मी ॲक्शन म्हणणारच नाही. माणूस डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये दिसला पाहिजे, आणि शॉट लांब पाहिजे. यावर आपलं दोघांचं कधीच भांडण झालं नाही.

पण त्याच पिक्चरमधली एक गोष्ट मी तुला किती वेळा रंगवून सांगितलीये, आठव. शेवटी तो व्हिलन उंचावरून पडतो, ॲलन रिकमन, त्याचा तो पहिलाच सिनेमा. त्याला सांगितलेलं की अमुक आकड्याला सोडू, आणि त्या आकड्याच्या आधीच सोडून दिलं, म्हणून चेहऱ्यावर जी भीती दिसते ती खरी आहे. खाली एअरबॅग होती, त्याला काही झालं नाही. मी हे सांगताना टाळ्या वाजवायचो. काल गॅलरीत हेच आठवलं आणि पोटात खड्डा पडला. कोणीतरी वर उभा आहे, त्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे आणि तो ठरलेली मोजणी पाळत नाही. सीन चांगला यावा म्हणून! तुझ्या बाबतीत असं कोणी करायचं नाही. फाइट मास्टरला स्पष्ट सांग, मोजणी म्हणजे मोजणी. तू लहान आहेस, नवीन आहेस, म्हणून गप्प बसू नकोस.

झालं, लागलो लेक्चर द्यायला. सॉरी.

तू म्हणालीस पुढच्या महिन्यात चाळीस फुटांचा फॉल आहे. मी लाइट बिलाच्या मागे गणित केलं. चाळीस फूट म्हणजे साधारण बारा मीटर, खाली पोचायला दीड सेकंदाच्या थोडंसं वर, आणि पोचताना वेग ताशी 55 किलोमीटर. म्हणजे मी कर्वे रोडवर कधीच ज्या वेगाने गाडी चालवली नाही तो. वायरवर सोडणार असतील तर गोष्ट वेगळी, वायर वेग आवरून धरते, पण मग सगळा भार त्या एका कडीवर आणि वर ती ज्याला अडकवलीये त्याच्यावर. मनू, मी सव्वीस वर्षं मेंटेनन्सला काढलीत. आमच्याकडे 98 साली शेडच्या पत्र्याचं काम चालू होतं तेव्हा एक जण पडला. तुला हे सांगितलं नव्हतं, आईलाही अर्धंच सांगितलंय. त्याने बेल्ट घातला होता, हुक लावला होता, सगळं बरोबर केलं होतं. पण ज्या पाइपला हुक लावला तो पाइप आतून गंजलेला. वरून रंग अगदी नवा, पिवळा. मी खाली उभा होतो. हुक तसाच बंद होता, त्यात पाइपचा तुकडा. तो तुकडा मी हातात घेतला तर बोटाने चुरा होत होता. नऊ फुटांवरून पडला फक्त, आणि परत कामावर आला नाही. म्हणून मी विचारतोय, हुक नाही, हुक ज्याला लावतात ते कोण तपासतं.

तुझ्या मल्लखांबाच्या वेळी मी मंडळात दर शनिवारी यायचो ते तुला आवडायचं नाही, मैत्रिणी हसायच्या. मी तुझं बघायला नाही यायचो, मी दोरी बघायला यायचो. सर चांगले होते, त्यांनी कधी अडवलं नाही. मुली यायच्या आधी मी ती सुती दोरी वरपासून खालपर्यंत मुठीतून ओढून बघायचो, कुठे सूत सुटलंय का, कुठे पातळ लागतंय का. मग तू यायचीस, पायाच्या अंगठ्याच्या चिमटीत दोरी पकडून सरसर वर जायचीस, वर पायांची अढी घालून दोन्ही हात सोडून द्यायचीस आणि सगळ्यांत आधी माझ्याकडे बघायचीस. तुझे हात सुटलेले असायचे आणि माझी मूठ घट्ट. राज्य स्पर्धेचं पदक हॉलमध्येच आहे, आत्याने कितीही सांगितलं तरी तिथे घड्याळ लावू दिलेलं नाही.

तू निघालीस त्या रविवारी मी जे बोललो त्याबद्दल लिहायचंय आणि तेच टाळत इथपर्यंत आलो. "पडलीस तर मला फोन करू नकोस." असं बोलतं का कोणी. तू निळी बॅग उचललीस आणि दादाच्या गाडीवर बसून शिवाजीनगरला गेलीस, मी खालीसुद्धा उतरलो नाही, गॅलरीच्या पडद्याआडून बघितलं. आणि आता तू खरंच पडलीस आणि खरंच फोन केला नाहीस, वर कॅमेरा लपवलास. म्हणजे माझ्याच शब्दाला धरून वागलीस. मनू, तो शब्द मी परत घेतो. पडलीस तर पहिला फोन मला. रात्री तीनला कर.

तू म्हणशील बाबा, जॅकी चॅन नाही का पडला. पडला ना, आणि कुठलं पडणं कोणत्या पिक्चरमधलं हे मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. 'पोलीस स्टोरी'त दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरत आला आणि हात भाजून घेतले. 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी झाडावरून पडला, कवटी फुटली, आणि तोसुद्धा कशात, आधीचा टेक झालेला असताना आणखी एक घ्यायचा म्हणून! ते लक्षात ठेव. शॉट ओके असेल तर परत चढू नकोस. टॉम क्रूझचा घोटा 2017 साली लंडनला इमारतीवरून उडी मारताना मोडला, तो तुटका पाय ओढत त्याने शॉट पूर्ण केला, 'फॉलआउट'मध्ये तोच शॉट ठेवलाय, आपण कोथरूडला सिटी प्राइडला बघितला आणि तू माझा हात दाबून म्हणालीस बाबा हाच, हाच तो. पण त्याच्यासाठी सगळं शूटिंग थांबलं. तुझ्यासाठी कोण थांबणार? डुप्लिकेटच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरी डुप्लिकेट येते. म्हणून म्हणतो एक्स-रे काढून घे, मुरगळलं मुरगळलं म्हणत अंगावर काढू नकोस. अमिताभला 'कुली'च्या सेटवर पोटात लागलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, 1982 चा जुलै. आजी टीव्ही नसलेल्या घरात रेडिओला कान लावून बसायची आणि मी ओंकारेश्वराला नवस बोललेलो. सगळा देश रडला. तो शॉट पिक्चरमध्ये थांबवून दाखवतात, इथे लागलं म्हणून. तो अमिताभ होता म्हणून थांबवून दाखवला.

आणि दुसरीकडे 'शोले'त बसंतीचा टांगा उधळतो ना, त्यात हेमा मालिनीच्या जागी रेश्मा पठाण होत्या. किती वर्षं आपण तो सीन बघून हेमा मालिनी हेमा मालिनी करत होतो. हे तूच मला सांगितलंस, अकरावीत असताना, आणि मला लाज वाटली की इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही की टांग्यावर नक्की कोण आहे. आता पिक्चर बघताना माझी नजर चेहऱ्यावर जातच नाही, पाठमोऱ्या माणसाकडे जाते. ऑस्करमध्येही आता स्टंटचं बक्षीस सुरू होतंय, 2027 च्या सिनेमांपासून, म्हणजे 2028 च्या सोहळ्यात. ती बातमी कापून कपाटाच्या दाराला आतून लावलीये. आई म्हणते एकीकडे रडता आणि एकीकडे कात्रणं लावता. दोन्ही खरंय, काय करू.

रात्री आता ॲक्शन बघवत नाही. परवा टीव्हीवर 'स्पीड' लागला होता, लग्नानंतर आम्ही दोघांनी बघितलेला पहिला इंग्लिश सिनेमा, तो बसचा वेग पन्नासच्या खाली आला की बॉम्ब फुटणारवाला, तेव्हा तुझी आई पूर्णवेळ काळजीत होती की त्या लोकांना लघवीला जायचं झालं तर काय. मला तो अतिशय प्रिय आहे. पण ती बस पुलावरून उडाली आणि मी चॅनेल बदललं.

आता आम्ही 'टिपरे' बघतो. तू म्हणायचीस सिटकॉममध्ये काही होतच नाही, तीच खोली, तोच सोफा, तीच माणसं. मला ते आता फार बरं वाटतं. दार उघडतं आणि जो गेला होता तो परत येतो, दर भागाला येतो, धडधाकट. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' 2001 ला सुरू झालं तेव्हा दिलीप प्रभावळकर जेमतेम 57 चे होते आणि आबा मात्र आपल्या आजोबांएवढे वाटायचे. आज मी 57 चा आहे. घरात सगळ्यांना काहीतरी बोलायचं असतं आणि आबांना सगळ्यांची काळजी, पण आबा माझ्यासारखे ओरडत नाहीत. तुझं 'फ्रेंड्स' लॉकडाऊनमध्ये तुझ्यासोबत बघितलं, चांगलंच आहे, त्या चँडलरची मला सवय झाली होती, पण माझ्यासाठी टिपरे आणि 'साराभाई', बास. 2025 च्या ऑक्टोबरात 'साराभाई'तले सतीश शाह गेले तेव्हा आईने जेवताना ताट बाजूला केलं. 'ये जो है जिंदगी'त तो दर भागात नवा माणूस व्हायचा, आम्ही 84 साली शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून बघायचो, आज तो कोण असेल यावर पैज लागायची. इतकं हसवणं सोपं नाही. पडण्याइतकंच अवघड असेल, दोन्हीकडे एका क्षणाचा हिशोब चुकला की संपलं.

बघ, कुठून कुठे गेलो.

शनिवारी दादा ठाण्याला येतोय. त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू, दोन क्रेप बँडेज आणि माझा हार्नेस पाठवतोय. कंपनीतून निवृत्त होताना मी विकत घेतलेला तो नवाच आहे, वापरू नकोस हवं तर, तुमच्याकडचे वेगळे असतील, पण शिवण कशी असते ते एकदा निरखून बघ आणि तुमचा त्याच्या शेजारी ठेवून बघ. मग वर जाऊन कडी हाताने ओढून बघ आणि कडी ज्याला लावलीये त्यावर रंग असेल तर नखाने खरवडून बघ. कोणी हसलं तर हसू दे. मुली मंडळातही हसायच्याच.

तू मला त्या माणसाचं नाव अजून सांगितलेलं नाहीस.

आणि आज रात्री फोन करशील तेव्हा कॅमेरा आधी पायाकडे कर, चेहरा मग.

बाबा