जीए वेलीत कुठे जातं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

द्राक्षाच्या जीए डिपिंगचं, म्हणजे जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाच्या पाण्यात घड बुडवण्याचं, वेळापत्रक आपल्या शेतीपानावर आलं, त्याची कात्रणं आमच्याकडे औषधांच्या कपाटावर चिकटली आहेत. पण त्यात नुसते दिवस आणि पीपीएम (लिटरमागे किती मिलिग्रॅम). जीए वेलीत शिरल्यावर करतं काय, यावर एक ओळ नाही.

अथणी तालुक्यात आमची थॉम्पसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. एक ग्रॅमची पुडी आधी अल्कोहोलात विरघळवायची, मग 50 लिटर पाण्यात ओतली की 20 पीपीएम. बायका मगात घड बुडवतात आणि लगेच झटकतात, नाहीतर खालच्या मण्यांवर थेंब साचून डाग पडतात. एवढं करूनही एकाच घडातले काही मणी लांबतात, काही बारीकच राहतात. मग मजुरांवर खापर फुटतं, नाहीतर पुडी बोगस ठरते आणि पुढच्या डिपला डोस वाढतो. औषध सगळीकडे सारखंच पोचतं, हे आपण धरूनच चालतो.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, म्हणून हे कळवळून लिहिते. केंब्रिजच्या सेन्सबरी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये ‘जीपीएस1’ नावाचा सेन्सर मांडला. तो झाडाच्या जनुकांतच घातलेला असतो, म्हणजे झाड स्वतःच तो पेशीपेशीत तयार करतं. त्यात दोन चमकणारी प्रथिनं असतात, एक निळसर, एक पिवळं, आणि मध्ये जिबरेलिन ओळखणारा भाग. जिबरेलिन चिकटलं की तो भाग आवळतो, निळ्याची ऊर्जा पिवळ्याकडे जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिवळा उजेड वाढतो. झाड न कापता, जिवंत मुळात हे दिसतं! मुळाच्या ज्या पट्ट्यात पेशी झपाट्याने लांबतात, तिथेच जिबरेलिन जास्त आढळलं. आणि बाहेरून दिलेलं जिबरेलिनसुद्धा सगळीकडे सारखं साठलं नाही, त्याच पट्ट्यात जास्त साठलं. आम्हा बागायतदारांना हे कुणीच कसं सांगत नाही?

हा प्रयोग मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसवरचा आहे, द्राक्षावरचा नाही. त्यावरून उद्याचा डोस ठरणार नाही, हे मान्य. पण डोस वाढवण्याआधी बागायतदार दोनदा विचार तरी करेल.

धारवाडला कृषी विद्यापीठ आहे, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथल्या जाणकारांकडून सोप्या मराठीत, चित्रांसह लेख लिहून घ्या. आमच्या सीमाभागातले जुने बागायतदार मराठीच वाचतात. ऑक्टोबर छाटणीच्या आधी तो छापून आला, तर या हंगामातच उपयोगी पडेल.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार, ता. अथणी, जि. बेळगाव