काँक्रीटला बोल लावण्याआधी

महोदय,

‘काँक्रीटचं जंगल’ हे शब्द आपल्या वृत्तपत्रात हल्ली वरचेवर येतात. चाळीस वर्षं साइटवर सुपरवायझर म्हणून काढली, त्यामुळे ते मनाला लागतात. गेल्या वर्षी मुलीकडे लंडनला गेलो तेव्हा बार्बिकन ही वसाहत पाहिली, त्याबद्दल लिहितो.

डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनच्या ऐन मध्यवस्तीतला क्रिपलगेट भाग जळून गेला. तिथे १९६५ ते १९७६ या काळात सुमारे २,००० घरं उभी राहिली. चाळिसाहून अधिक मजल्यांचे तीन मनोरे, बाकी बुटक्या लांबलचक इमारती, सगळं उघडं काँक्रीट. गिलावा नाही, रंग नाही. वाट मात्र पटकन सापडत नाही. जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्यामागून आम्ही चाललो.

माझे वडील पाथरवट होते. बार्बिकनचं काँक्रीट निदान २१ दिवस वाळू दिलं, मग कामगारांनी हातात हत्यार धरून ते सरासरी सव्वा सेंटिमीटर टोचून काढलं, आतली ग्रॅनाइटची खडी दिसेपर्यंत. मी एका खांबावरून तळहात फिरवला. वडिलांनी टाकी लावलेल्या आमच्या जोत्याच्या दगडासारखाच खरखरीत लागला. मुलगी पुढे निघून गेली होती, मी तिथेच उभा राहिलो.

आपल्याकडे शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, उघडलं की कितीदा खडी सुटलेली दिसते, सळई उघडी पडलेली असते. एका साइटवर मी हरकत घेतली तेव्हा “गिलाव्यात जाईल” एवढंच उत्तर मिळालं. गेलंही. पुढे तीन पावसाळ्यांत तिथल्या छताचे पोपडे पडले. यात काँक्रीटचा काय दोष?

आणि जंगल म्हणाल, तर बार्बिकनमध्ये तळं आहे, बदकं आहेत, सज्जा-सज्जात फुलझाडं आहेत. गाड्या खालच्या अंगाला. वरच्या चौथऱ्यावर माणसं निर्धास्त चालतात. तळ्याकाठी कवी मिल्टनला पुरलं ते जुनं चर्चही जपलंय. २००१ मध्ये या वसाहतीला वारसा दर्जा मिळाला.

आमच्या कॉलनीच्या पुनर्विकासाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. नकाशात मधलं मैदान पार्किंगने खाल्लंय. ते परत द्या, आणि शटरिंग उघडल्यावर प्रत्येक खांब, तुळई रहिवाशांना दाखवल्याशिवाय गिलावा करू नका, असं मी लेखी देणार आहे. इतर कॉलन्यांतल्या वाचकांनीही आपापल्या बैठकीत हे मागावं, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त साइट सुपरवायझर, सांगली