पेटी, खोका, सेशन: नुसते शब्द नको, हिशोब पण छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दर आयपीएलला तुमच्या पेपरात एक बातमी हमखास असते, अमक्या नगरात क्रिकेट सट्ट्यावर छापा, लगवाडी-खायवाडी सुरू असताना बुकी ताब्यात, मोबाईल लॅपटॉप जप्त. बातमी छापलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण साहेब लगवाडी म्हणजे काय, भाव चाळीस-बेचाळीस म्हणजे नेमके किती रुपये कुणाच्या खिशातून गेले, हे मला एकदा पण कुठं नीट वाचायला मिळालं नाही. खेळणाऱ्या पोरांना सगळं तोंडपाठ आहे, घरातल्या मोठ्या माणसांना त्यातलं एक अक्षर कळत नाही.

मी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो, पगार आणि उचल माझ्याच हातून जाते, त्यामुळं हे जवळून दिसतं. मागच्या सीझनला एका कामगाराचे वडील आले, आयुष्यभर मागावर उभा राहिलेला माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं फोनवर सारखं अर्धी पेटी अंगावर आली म्हणतंय ओ, आंब्याचा धंदा सुरू केला का काय त्यानं?" पेटी म्हणजे एक लाख, अर्धी पेटी पन्नास हजार, आणि शंभर पेट्या झाल्या की एक खोका, म्हणजे कोटी. हे सांगितल्यावर ते सुताच्या पोत्यावर खालीच बसले. पोरगं रोज त्यांच्यासमोर बसूनच बोलत होतं, आड जाऊन नाही.

आता भावाचं बघा. चाळीस-बेचाळीस म्हणजे फेव्हरेट, म्हणजे जिंकायची जास्त शक्यता धरलेल्या टीमवर रुपया लावला आणि ती जिंकली तर चाळीस पैसे मिळणार, हरली तर रुपया गेला. ही लगाई, बातमीतली लगवाडी. ती टीम हरेल म्हणून लावणं ही खाई, म्हणजे खायवाडी, तिथं हरली तर तुम्हाला रुपया आणि जिंकली तर तुमच्याकडून बेचाळीस पैसे. मधले दोन पैसे बुकीचे. सट्ट्याच्या साईटवर हेच लावलेला रुपया धरून १.४० असं दिसतं, चीज तीच. आता कागद घेऊन बसा, दर मॅचला दहा हजाराची लगाई याच भावानं केली आणि शंभर मॅचमधल्या एक्काहत्तर बरोबर आल्या, तर मिळाले २ लाख ८४ हजार आणि एकोणतीस चुकल्यात गेले २ लाख ९० हजार. शंभरातल्या एक्काहत्तर बरोबर सांगणारा पोरगा म्हणजे गल्लीतला हिरो, सगळे त्याला विचारून लावणार, आणि त्याच्याच खिशातनं सहा हजार गेलेले. हे गणित सातवीच्या पोराला पण जमेल, पण ते कुणी मांडून दाखवत नाही.

सेशनचं, म्हणजे ठराविक ओव्हरमध्ये किती रन होतील यावर लावायचं, तर याहून वाईट. सहा ओव्हरचं सेशन सेहेचाळीस-सत्तेचाळीस निघालं की सत्तेचाळीस किंवा वर रन झाले तर 'यस'वाला जिंकला, सेहेचाळीसच्या आत राहिले तर 'नॉट'वाला. आणि बरोब्बर सेहेचाळीस झाले तर? दोघं पण गेले, सगळं बुकीचं. मॅच संपायची वाट पण बघायची नाही, सहा ओव्हर झाले की दहाचं सेशन, मग पंधराचं, एका संध्याकाळी माणूस किती वेळा लावतो त्याचं त्यालाच भान राहत नाही.

आणि सगळ्यात घातकी शब्द कुठला म्हणाल तर माझ्या मते 'लिमिट'. एजंट आयडी, म्हणजे सट्ट्याच्या साईटवरचं खातं देतो आणि त्यात लिमिट टाकून देतो, पोराकडं खिशात दोनशे रुपये असतात आणि स्क्रीनवर वीस हजार दिसतात. ती सगळी उधारी असते ओ! त्या एजंटाला पोराच्या लॉसमध्ये हिस्सा असतो हे पोराला माहीत पण नसतं. मग सुरू होतं ते कव्हर करायचं, गेलेले काढायला डबल लावायचं. आठवड्याचा हिशोब सोमवारी असतो, आणि सीझनमध्ये सोमवारी माझ्या टेबलासमोर उचल मागायला कोण कोण येतं ते मी बघतो, आई आजारी आहे, फी भरायची आहे असं सांगतात, मी काय बोलणार त्यांना.

जुन्या लोकांना मटका माहीत होता, ओपन, क्लोज, जोडी सगळ्यांना कळायचं (ओपन-क्लोज हे शब्द पण मुळात न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या कापसाच्या भावावरनं आलेले, आपल्या सोलापूरसारख्या सुताच्या गावाला हे माहीत असायला हवं). त्यात चिठ्ठी तरी हातात असायची, बायकोला शर्टच्या खिशात सापडायची. आता काय सापडणार?

कायदे आहेत. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा आहेच, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. चांगलंच झालं. पण घरात बसलेल्या आईबापाला पोराच्या तोंडचा शब्द ओळखू येईल तेव्हाच ते वेळेत विचारतील, आणि ते काम पेपरच करू शकतो.

म्हणून विनंती अशी की यंदा आयपीएल सुरू व्हायच्या आधीच एक मोठी चौकट छापा. पेटी, खोका, लगाई, खाई, सेशन, आयडी, लिमिट, प्रत्येकापुढं रुपयातला अर्थ आणि वरच्यासारखं एक गणित. अक्षर मोठं ठेवा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. छाप्याच्या बातमीत 'दहा पेटी' न लिहिता सरळ दहा लाख लिहा. आणि बातमीच्या खाली दोन नंबर देत जा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, तिथं फुकट आणि मराठीत बोलता येतं, आणि ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३०.

आपला एक वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर