भोंगा कबुतरांसाठी, धास्ती बुलबुलाला

मा. संपादक,
स. न.

कबुतरांना हुसकावण्यासाठी इमारतीच्या गच्चीवर ससाणा, घार, घुबड यांचे ध्वनिमुद्रित आवाज थोड्या-थोड्या वेळाने वाजवणारी यंत्रे बसवण्याची टूम शहरांत निघाली आहे. सोसायटीच्या सभेत असा ठराव चटकन मंजूर होतो, कारण त्यात विष नाही, पिंजरा नाही आणि कुणाच्या भावनाही दुखावत नाहीत. पण त्याच आवारात खाली, मेंदीच्या कुंपणात आणि बोगनवेलीत, बुलबुल, शिंपी, दयाळ, राखी वटवट्या घरटी करत असतात. भोंग्याचा आवाज त्यांच्याही कानी पडतो. त्याचा हिशेब कुणी धरत नाही, म्हणून हे पत्र.

भक्षक घरट्यापर्यंत पोहोचला, अंडी-पिल्ले खाल्ली, तरच नुकसान, असे आपण धरून चालतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील गल्फ बेटांवर लियाना झानेट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने ही समजूत मोडीत काढली. तो 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पक्षी होता साँग स्पॅरो. (नावात स्पॅरो असली तरी आपल्या चिमणीशी तिचे नाते लांबचेच.) संशोधकांनी घरट्यांभोवती विजेचे कुंपण आणि जाळी लावून खरे भक्षक पूर्णपणे बाहेर ठेवले. मग संपूर्ण विणीच्या हंगामात काही जोड्यांच्या परिसरात रॅकून (मांजराहून थोडा मोठा, झाडावर चढणारा सस्तन प्राणी), कावळे, शिकारी पक्षी यांचे आवाज वाजवले आणि उरलेल्यांच्या परिसरात निरुपद्रवी प्राण्यांचे. पक्ष्यांना सवय होऊ नये म्हणून मध्ये मध्ये आवाज बंदही ठेवले. एकही अंडे कुणी पळवले नाही, तरीही भक्षकांचे आवाज ऐकणाऱ्या जोड्यांची वर्षाची पिल्ले 40 टक्क्यांनी कमी भरली.

ही घट एका जागी झालेली नाही. माद्यांनी अंडी कमी घातली, घातलेल्यांपैकी कमी उबली आणि उबलेल्यांतली जास्त पिल्ले दगावली. आई सारखी दचकून उठत असल्याने अंड्यांना ऊब कमी मिळाली, चारा आणण्याच्या फेऱ्याही कमी झाल्या. शिवाय या जोड्यांनी घरटी अधिक दाट आणि काटेरी झुडपांत बांधली. म्हणजे जागा निवडतानाच भीतीने आपले काम केले होते.

आपल्याकडचे पक्षीही घरट्याची जागा भक्षक बघूनच ठरवतात. सुगरण विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेली काटेरी बाभूळ पसंत करते, कारण तिथवर साप आणि उंदीर सहजी पोहोचत नाहीत. कोतवाल आपल्या झाडाच्या आसपास फिरकणाऱ्या कावळ्यावर आणि शिक्रा या शिकारी पक्ष्यावर तुटून पडतो, म्हणून होले, बुलबुल, हळद्या त्याच झाडावर घर करून फुकटची राखण मिळवतात. शिंजीर व्हरांड्यातल्या वायरीला घरटे टांगतो आणि बुलबुल बाल्कनीतल्या कुंडीत बसतो, तेही माणसांच्या प्रेमापोटी नव्हे. माणसाच्या वावरात टकाचोर आणि भारद्वाज हे अंडी-पिल्ले पळवणारे पक्षी बिचकतात, एवढाच त्यांचा मतलब. (कावळा मात्र हल्ली आपल्याला फारसा जुमानत नाही. त्याच्या घरट्यात कोकिळा अंडे घालून जाते, तेवढाच काय तो न्याय!)

चोचीत नाकतोडा धरलेली बुलबुलाची मादी तारेवर बसलेली पाहा. समोर कावळा असेल तर ती घरट्याकडे जात नाही. शेपटी हलवते, जागा बदलते, किट्‌किट् करते आणि कावळा हललाच नाही तर कधी कधी घास स्वतःच गिळून टाकते. घरट्याचा पत्ता न फोडण्याचा तिचा हा मार्ग आहे आणि तो रास्तही आहे, पण पिल्लांचा एक घास गेला. अंडी दोन-तीन, उबवण साधारण चौदा दिवस, त्यानंतर पिल्ले घरट्यात जेमतेम बारा-तेरा दिवस. इतक्या आखूड मुदतीत वाया गेलेल्या फेऱ्या भरून निघत नाहीत.

भोंग्याचे समर्थक म्हणतील, त्या आवाजाला पक्षी सरावतात. कबुतरे सरावतातच. ससाणा कधी येत नाही, दाणे तर रोज मिळतात, मग कठडा का सोडायचा? म्हणूनच आवाज आलटून-पालटून वाजवणारी यंत्रे विकली जातात, आणि तेव्हा झुडपातल्या पक्ष्यालाही सरावायला उसंत मिळत नाही. शिवाय घरट्याची जागा काही दिवसांतच ठरते. त्या दिवसांत बसलेला धसका पुरेसा असतो.

कबुतरे हटवायची तर त्यांच्या बसण्याच्या जागा काढाव्या लागतात. दाणे टाकणे पूर्ण थांबवा. सपाट कठड्यांवर 45 अंशांहून जास्त उताराची पट्टी बसवा. डक्ट आणि एसीमागच्या फटी, आत अंडी-पिल्ले नाहीत हे पाहून, बंद करा. जाळी 50 मिलिमीटर छिद्रांची पुरते, मात्र ती ताठ ताणून चारही कडांना पक्की करा. ढिली जाळी जीवघेणी असते, तिच्यात पाय-पंख अडकून छोटे पक्षी मरतात.

आवारातली बाकीची धास्ती कमी करणे तर आणखी स्वस्त आहे. कचरागाडी येईपर्यंत उघडे पडलेले ओले अन्न कावळे गोळा करते आणि तेच कावळे मग कुंपणे धुंडाळतात, तेव्हा डबे झाकणाचे हवेत. मांजरांची वाटी झुडपांपासून दूर ठेवा. पोट भरलेले मांजरही शिकार करते.

सर्वांत मोठा घोळ छाटणीचा. वारंवार कातरलेल्या कुंपणाला बाहेरून वीतभर पानांचे कवच उरते आणि आत नुसत्या काड्या. घरटे असते त्या कवचाच्या आतल्या अंगाला. पावसाळ्यापूर्वी म्हणून एप्रिल-मेमध्ये यंत्र फिरवले की कवच जाते आणि घरटे उघडे पडते. छाटणी डिसेंबर-जानेवारीत, एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, अशी करावी आणि सप्टेंबर संपेपर्यंत कुंपणाला हात लावू नये. फाटकाजवळ रस्ता दिसत नसेल तर तेवढाच भाग कापावा. त्याआधी आठ-दहा मीटरवरून अर्धा तास पाहावे. चोचीत काडी किंवा किडा घेऊन पक्षी एकाच जागी शिरत असेल तर त्या बाजूची दीड-दोन मीटर झाडी महिनाभर ठेवावी. नवीन कुंपण लावायचे तर करवंद, लिंबू आणि बोगनवेल यांना तोड नाही.

छायाचित्रकारांनाही एक सांगणे आहे. पाने बाजूला सारून घरट्याचा फोटो घेऊ नका. एकदा वाकवलेली पाने पुन्हा तशी मिटत नाहीत. आणि छोटे पक्षी जमवण्यासाठी मोबाइलवर पिंगळ्याचा (या छोट्या घुबडाला हुसकावायला ते गोळा होतात) आवाज वाजवण्याची खोड विणीच्या काळात तरी सोडा. कॅनडात भोंग्याने जे केले, तेच आपण खिशातून करत असतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार संरक्षित रानपक्ष्यांची अंडी फोडणे किंवा अंडी-घरट्यांना उपद्रव देणे हे ‘शिकार’ या व्याख्येत मोडते. छाटणीचे कंत्राट देणाऱ्या सोसायट्यांनी अंडी-घरट्यांना उपद्रव न देण्याची अट कार्यादेशात लिहून घ्यावी. भोंगा आधीच बसवला असेल तर निदान फेब्रुवारी ते सप्टेंबर त्याची वायर काढून ठेवावी.

आपले,
काही पक्षीनिरीक्षक, पुणे