पिल्लाचे नाक घासण्याआधी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरात कुत्र्याचे पिल्लू आणले की सल्ले देणाऱ्यांची उणीव भासत नाही, आणि त्या सल्ल्यांत एक हमखास असतो: पिल्लाने घरात शू केली की त्याचे नाक त्या ओल्या जागेवर घासायचे, एक चापट द्यायची, म्हणजे ते पुन्हा तसे करत नाही. हा सल्ला एरवीही चुकीचाच आहे. परंतु काही पिल्लांच्या बाबतीत तो उपाय नसून त्या त्रासाचे कारण ठरतो, आणि हे मला स्वतःच्या चुकीतून कळले असल्यामुळे आपल्या वाचकांसाठी हे पत्र लिहीत आहे.

आमची कुत्री घरी आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. महिन्याभरात ती शू करायला बाहेर जायला शिकली, रात्रही कोरडी जाऊ लागली. तरीही मी कामावरून परतून दार उघडले, की ती धावत यायची आणि माझ्या पायाशी येताच फरशी ओली व्हायची. मी रागावले. दुसऱ्या दिवशी ती धावत आली नाही, सरपटत आली, कान मागे पाडून, नजर चुकवून, आणि मी वाकताच उताणी होऊन तिने पुन्हा शू केली. मी आणखी रागावले. तीन आठवडे हाच क्रम चालला आणि तेवढ्या काळात गोष्ट इतकी बिघडली, की मी नुसते तिचे नाव घेतले तरी तिची शू होऊ लागली.

पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला तो शू कुठे होते याविषयी नव्हता, तर त्या क्षणी ती उभी कशी असते याविषयी होता. कारण दिसायला सारखे असले तरी हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात पिल्लू आनंदाने बेभान झालेले असते. अंग वळवळत असते, शेपूट जोरात हलत असते, आणि उड्या मारता मारता किंवा चालता चालता शू निसटते, कारण मूत्राशयावर पुरता ताबा यायला अजून वेळ असतो. दुसऱ्यात पिल्लू अंग चोरते, खाली बसते, शेपूट पायांत घालते, ओठ मागे ओढते, पोट वर करते आणि शू करते. हा शरणागतीचा संदेश आहे. आमच्याकडे सुरुवात पहिल्या प्रकाराने झाली होती; दुसरा प्रकार माझ्या रागावण्याने तयार झाला.

ही शरणागती येते कुठून, हे समजले तेव्हा माझा राग जागच्या जागी विरला. जन्मल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना आपणहून शू करता येत नाही. आई त्यांच्या पोटाखालचा भाग चाटते तेव्हाच ती होते, आणि तेवढा वेळ पिल्लू हालचाल न करता पडून असते. लांडगा आणि कुत्रा यांच्या शरणागतीवर 1967 साली लिहिताना रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने, मोठेपणी उताणे होऊन पोट दाखवण्याची ढब या बाळपणीच्या अवस्थेशी जोडली. म्हणजे पायाशी लोळणारे पिल्लू ‘मी अजून लहान आहे, माझ्यापासून तुम्हाला धोका नाही’ असेच सांगत असते. गंमत अशी, की ‘कुत्र्याला मालक कोण ते दाखवून द्या’ हा जो हेका अनेक जण धरतात, त्याच्या मुळाशी असलेली कळपातल्या म्होरक्याची कल्पनाही याच शेंकेलने 1947 साली बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या अभ्यासातून पसरली. रानातला लांडग्यांचा कळप बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असा एक कुटुंबच असतो, हे लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 साली स्पष्ट केले. हेका मात्र तसाच राहिला.

मराठीत ‘नाक घासणे’ याचा अर्थच शरण जाऊन क्षमा मागणे असा आहे. जे पिल्लू आधीच ते करून बसले आहे, त्याचे नाक पुन्हा फरशीवर घासल्याने त्याला एवढेच कळते, की आपण पुरेसे नमलो नाही. मग ते आणखी नमते, आणि शूही आणखी होते. ‘पण त्याला आपली चूक कळते हो, तोंडच सांगते,’ असे म्हणणाऱ्यांसाठी कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा 2009 सालचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. 14 कुत्र्यांवरच्या त्या प्रयोगात असे दिसले, की कुत्र्याचा तो तथाकथित अपराधी चेहरा त्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो चेहरा दिसत होता, आणि खाऊला तोंडही न लावलेली कुत्री रागावणी ऐकून अधिकच अपराधी दिसत होती.

आम्ही जे केले त्यात विशेष खर्च किंवा कौशल्य नव्हते, फक्त संयम लागला, आणि तो कुत्रीपेक्षा माणसांनाच अधिक लागला. घरी आल्यावर पहिली काही मिनिटे तिच्याकडे पाहायचे नाही, बोलायचे नाही; हातातले सामान ठेवायचे आणि तिला सरळ बाहेर न्यायचे. तिथे तिची शू झाली की लाड. पहिल्या आठवड्यात हे जिवावर येते, कारण दिवसभराने भेटलेल्या जीवाला न पाहिल्यासारखे करणे हा आपल्याला दुष्टपणा वाटतो. पुढे ती शांत झाली की तिच्या बाजूला, तिच्याकडे थेट तोंड न करता, खाली बसायचे आणि तिला जवळ येऊ द्यायचे. वरून येणारा हात पिल्लाला झडप वाटू शकतो, म्हणून डोके थोपटण्याऐवजी हनुवटीखाली किंवा छातीवर खाजवायचे. आवाज खालचा ठेवायचा. ‘बस’ एवढी एक आज्ञा शाबासकी आणि खाऊ देऊन पक्की करून घेतली, तेव्हा दार उघडल्यावर काय करायचे हे तिला कळले आणि तिची धांदल कमी झाली. तरीही शू झालीच, तर काही न बोलता पुसून टाकायची. लाडाने समजूतही घालायची नाही, कारण त्यानेही ती पुन्हा चेकाळते. पुसण्यासाठी एन्झाइम असलेला द्रव वापरावा. अमोनिया असलेले फरशी पुसण्याचे द्रव टाळावेत, कारण त्यांचा वास शूच्या वासाशी मिळताजुळता असतो.

खरी अडचण पाहुण्यांची. ‘आम्हाला कुत्र्यांची सवय आहे’ असे म्हणत दोन्ही हात पसरून वाकणाऱ्या प्रेमळ माणसाला थांबवणे हे पिल्लाला शिकवण्याहून अवघड आहे. आम्ही त्यांना दारातच खाऊचे दोन-चार तुकडे देऊ लागलो. ते त्यांनी तिच्याकडे न पाहता फरशीवर टाकायचे. ती हुंगत खाण्यात गुंतते आणि भेटीतला ताण निघून जातो.

मात्र हे सारे करण्याआधी पशुवैद्यांकडे जाऊन लघवीची तपासणी करून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन. झोपेत अंथरूण ओले होणे, वारंवार थोडी थोडी शू होणे, ती करताना कुंथणे, तिच्यात रक्त दिसणे किंवा पाणी पिणे एकाएकी वाढणे, यांचा शरणागतीशी संबंध नसतो. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. काही पिल्लांत, विशेषतः माद्यांत, मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडाकडून शू आणणारी नळी, जन्मतःच मूत्राशयात न उघडता भलतीकडे उघडते आणि शू सतत ठिबकत राहते. अशा पिल्लाला कितीही हळू आवाजात बोलावले तरी उपयोग नाही, त्याला उपचारच हवेत.

बहुतेक पिल्लांची ही सवय वर्षभराची होईपर्यंत आपोआप सुटते. मार खाल्लेल्या किंवा घाबरट कुत्र्यांना अधिक काळ लागतो. आमची कुत्री दहाव्या महिन्यात सुधारली. आता ती दोन वर्षांची आहे आणि दारात पाहुणा आला की आधी बसते, मग त्याच्या हातांकडे पाहते.

आपली,
एक नियमित वाचक